सोनटक्क्यातला आवाज

आमच्या शाळेच्या निसर्ग मंडळात सगळ्यात आधी हात वर करणारी मुलगी म्हणजे मी, प्रांजल. आणि सगळ्यात उशिरा फुलणारं झाड निवडणारीसुद्धा मीच. बाईंनी सांगितलं होतं की प्रत्येकानं घराजवळ असं एक तरी झाड लावायचं, ज्याच्यावर फुलपाखरं, मधमाश्या, पतंग येतील. बाकीच्यांनी पटकन फुलणारी झाडं घेतली. फोटो काढला, बाईंना पाठवला, विषय संपला. मी म्हटलं, सोनटक्का.

"त्याला फुलं कधी येणार गं?" सपनानं विचारलं. ती माझी बाकावरची शेजारीण.

"सगळ्यांची संपत आली की. पाऊस ओसरताना. तेव्हा पतंगांनी काय खायचं, तुझा वाळलेला तेरडा?"

"तोपर्यंत आपण दहावीत जाऊ, यार."

तिचं म्हणणं खरं झालं. पहिल्या वर्षी सोनटक्क्यानं फक्त पानं काढली, आणि आता मी दहावीत आहे.

कंद पद्मजाआत्यानं दिले होते. ती बाबांची मोठी बहीण, देवरुखला असते. ओल्या गोणपाटात गुंडाळून तिनं ते एसटीनं आणले आणि माझ्या हातात देताना म्हणाली, "याचे पाय कायम ओले हवेत हो. कोरडा पडला की रुसतो."

मुलुंडमध्ये कायम ओली जागा कुठे मिळणार? पण आमची बिल्डिंग जुनी आहे, डोंगराच्या पायथ्याशी. मागच्या अंगणात विहीर आहे. तिच्यावर लोखंडी जाळी टाकलीय, शेजारी पाणी चढवायची मोटर आहे, आणि त्या मोटरच्या पाइपला एक वॉल्व आहे जो माझ्या जन्माआधीपासून गळतोय. त्याच्या खालची जमीन मे महिन्यातसुद्धा ओली असते. कंपाउंडच्या भिंतीपलीकडे झुडपं, झुडपांपलीकडे डोंगर, डोंगरात बिबटे, असं आम्ही पाहुण्यांना फुशारकीनं सांगतो. मी तिथेच कंद लावले. यंदा ते असे माजले की ताटवा माझ्या डोक्याच्या वर गेला. आल्याच्या पानांसारखी लांब हिरवी पानं, हात लावला की तसाच थोडा तिखट वास.

फूल मी फक्त फोटोत पाहिलं होतं. पांढरंशुभ्र, पातळ, संध्याकाळी उमलणारं. त्याचा मध एका लांब नळीच्या तळाशी असतो, म्हणून लांब सोंडेचे पतंग येतात, अंधार पडता पडता, एका जागी तरंगत पितात. मला ते बघायचं होतं. एवढंच. पण ही एवढीशी गोष्ट जूनमध्ये धोक्यात आली, कारण विहिरीपाशी धामण निघाली.

सोसायटीची मीटिंग भरली. आमचे सेक्रेटरी नंदकुमारकाका तिसऱ्या मजल्यावर राहतात, आवाज मात्र तळमजल्यापर्यंत पोचतो. ते म्हणाले, "ते जंगल आधी उपटा. साप काय गच्चीवरून आला?"

गेल्या वर्षीपर्यंत मी शाळेबाहेर, चार मोठ्या माणसांत स्वतःचं नाव सांगतानासुद्धा अडखळत होते. पण यंदा शाळेत वक्तृत्वात पहिली आले आणि तेव्हापासून माझं तोंड बंद होत नाही, असं आई म्हणते. मी उभी राहिले. धामण बिनविषारी असते, ती उंदीर खाते, सोनटक्का तीन महिन्यांत फुलणार आहे, पतंग का महत्त्वाचे आहेत, सगळं धडाधड बोलले. काकांनी चष्मा कपाळावर ढकलला.

"ठीक आहे, मॅडम. फुलं येईपर्यंत ठेवा. पण परत एक जरी साप दिसला, तरी कंदासकट बाहेर. मग भाषण चालणार नाही."

टाळ्या वाजल्या. मी ऐटीत घरी आले, दार लावलं आणि पलंगाखाली टॉर्च मारून बघितलं.

कारण मला सापांची भयंकर भीती वाटते. भयंकर म्हणजे पुस्तकात चित्र आलं तर मी पानाच्या कोपऱ्याला धरून उलटते. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी ताटव्याकडे जाताना मी काठी आपटत जायचे. वॉल्व फुस्स करायचा आणि मी उडायचे. मग स्वतःलाच हसायचे. वॉल्व आहे गं बाई, वॉल्व.

श्रावणात मला एक झकास कल्पना सुचली. ओल टिकवायची तर मुळांवर पालापाचोळ्याचा जाड थर हवा. आणि बिल्डिंगमध्ये तर रोज पूजा चाललेल्या, निर्माल्य पिशव्या भरभरून निघत होतं. मी लिफ्टपाशी कागद लावला, "निर्माल्य नदीत नको, सोनटक्क्याला द्या." लोकांनी इतकं मनावर घेतलं की विचारू नका. सत्यनारायणाचं, मंगळागौरीचं, मग गणपती आले तसं घराघरातलं. यंदा अधिक मासामुळे गणपतीही उशिरा आले, सोनटक्का अगदी कळ्यांवर असताना. फुलं, दूर्वा, केळीची पानं, सगळ्याचा ढीग मुळांशी. नंदकुमारकाकासुद्धा पिशवी रिकामी करताना म्हणाले, "घ्या मॅडम, तुमच्या रोपट्यांचा नैवेद्य."

कंदांच्या कडेला दोन-तीन बिळं दिसली होती. मी त्यांच्यावर निर्माल्य ओढलं. बिळं बघितली की मला कसंतरी व्हायचं.

गौरी यायच्या त्या दिवशी सकाळी मी ब्रश तोंडात घेऊनच मागे गेले. आणि अहाहा! कळ्या! हिरव्या कणसासारख्या बोंडातून पांढरी टोकं बाहेर डोकावत होती. आज नाहीतर उद्या संध्याकाळी नक्की. मी नाचणारच होते, तेवढ्यात आवाज आला.

सूंऽऽऽ.

लांबलचक. कुकरची शिट्टी होण्याआधी वाफ येते ना, तसा. मी दगडासारखी झाले. वरून नंदकुमारकाका गॅलरीतून ओरडले, "काय झालं गं?"

"काका, वॉल्व जास्तच आवाज करतोय!"

"मोटर जळत आलीय ती. आज माणूस बोलावलाय."

मला इतकं बरं वाटलं. मोटर जळत आलीय म्हणून कोणाला एवढा आनंद झाला नसेल. मी घरात पळाले.

आमच्याकडे खड्याच्या गौरी असतात. मुखवटे नाहीत, साड्या नेसवणं नाही. पाणवठ्यावरून सात खडे आणायचे, त्याच गौरी. घरातल्या मुलीनं आणायचे. अनवाणी. आणि तोंडात पाण्याची चूळ धरून, म्हणजे वाटेत बोलता येत नाही. मागेही बघायचं नाही. खडे देवापाशी ठेवले की मगच चूळ टाकायची. नदी नाही म्हणून आमचा पाणवठा म्हणजे ती विहीर. पद्मजाआत्या खास यासाठी देवरुखहून येते. ती घंटा वाजवत पुढे चालते, मी तबक घेऊन मागे.

"जमेल ना गो मौन?" आत्यानं विचारलं. ती नुकतीच काठपदराची साडी नेसून तयार झाली होती. "फोनवर तुझी अखंड बडबड ऐकते मी."

"आत्या, मी श्वाससुद्धा हळू घेईन."

"श्वास घे. जीभ तेवढी आवर."

आईनं स्वयंपाकघरातून तांब्या दिला. "विहिरीचं पाणी तोंडात घेऊ नकोस हं. हे फिल्टरचं आहे."

"वहिनी, देवाला चालतं विहिरीचं," आत्या म्हणाली.

"देवाला चालतं, तिच्या पोटाला चालत नाही."

ऊन उतरल्यावर आम्ही दोघी मागे गेलो. मला सांगायलाच हवं की तेव्हा मी मजेत होते. कळ्या सकाळपेक्षा फुगल्या होत्या. मी आत्याला दाखवल्या, तिनं "अगो बाई, धरलंन् हो इथे!" म्हणून माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाली की परत जाताना दोन दांडे काढू, गौरींना वाहू. मी विहिरीच्या काठचे सात खडे निवडले, धुतले, तबकात ठेवले, वर खण झाकला. तांब्यातलं पाणी तोंडात घेतलं. गाल फुगले. आत्यानं माझ्याकडे बघून हसू दाबलं आणि घंटा वाजवायला सुरुवात केली.

तबक उचलून मी वळले आणि माझी नजर मोटरच्या चौथऱ्यावर पडली.

मोटर नव्हती. गंजके बोल्ट होते, तेलाचा काळा डाग होता, पाइपच्या तोंडाला प्लास्टिकची पिशवी बांधलेली होती. दुपारी मी आत रांगोळीची पावलं काढत असताना माणूस येऊन मोटर घेऊन गेला असणार. बरं झालं, मनात म्हटलं. आता तो आवाज येणार नाही.

विहिरीपासून आमच्या मागच्या दारापर्यंत अरुंद वाट आहे. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला माझा ताटवा. आत्या पुढे, घंटा घणघणतेय. पानं माझ्या कोपराला लागत होती. निर्माल्याचा आंबूस वास येत होता. आत्या थांबली, दांडे कुठले काढावेत ते बघायला. घंटाही थांबली.

सूंऽऽऽऽ.

मोटर नाही. पाणी चढत नाही. मग वॉल्वमधून काय येणार?

"मेला तो वॉल्व!" आत्या म्हणाली. "सकाळपासून फुसफुसतोय. घट्ट तरी करून ठेवावा की नाही कुणी." आणि तिनं घंटा डाव्या हातात घेतली, निऱ्या सावरल्या आणि पानं बाजूला सारून आत वाकली.

तेव्हा मला तो दिसला. वॉल्वच्या खाली, निर्माल्याच्या ढिगाला टेकून. आधी मला वाटलं की कोणीतरी जुना दोरखंड टाकलाय. तपकिरी, जाड, अंगावर गडद अंडाकृती ठिपक्यांची साखळी. मग तो दोरखंड फुगला आणि बसला. फुगला आणि बसला. आणि बसताना आवाज आला.

घोणस. चित्राच्या कोपऱ्याला धरून मी जे पान उलटते, त्याच पानावरची.

खोटं कशाला सांगू, मला आधी ताटवा आठवला. परत एक जरी साप दिसला तरी कंदासकट बाहेर. उद्या फुलं येणार. मग आत्याचा हात दिसला. बांगड्या कोपराकडे सरकवलेल्या, बोटं वॉल्वकडे चाललेली.

मी तोंड मिटूनच "उंऽऽ! उंऽऽ!" केलं.

"शू!" आत्या मागे न बघताच म्हणाली. "बोलायचं नाही. आलेच मी."

"उंऽऽऽ!"

"काय गो वेडे, थोडं धर ना..."

मी तोंड उघडलं. सगळं पाणी आत्याच्या पाठीवर गेलं आणि माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो वक्तृत्वातला नव्हता. "आत्याऽऽ मागे!" तबक सुटलं. खडे ताडताड लादीवर पडले. मी तिचा पदर दोन्ही हातांनी धरून मागे खेचला आणि त्याच क्षणी ढिगातून काहीतरी सपकन सुटलं. मला साप दिसला नाही, फक्त निऱ्यांना आतून कोणी टिचकी मारावी तशी साडी हललेली दिसली. मग आम्ही दोघी भिंतीवर आपटलो. घंटा कुठेतरी गडगडत गेली.

आत्याचा चेहरा पांढरा पडला होता. "काय होतं?"

मला बोलता येईना. मी, जिचं तोंड बंद होत नाही ती मी, नुसती बोट दाखवत होते. पानं हलत होती. मग तीही थांबली.

"घोणस," शेवटी म्हणाले. "आत्या, तुला लागलं? चावली?"

"माहीत नाही गो."

माहीत नाही! हे ऐकल्यावर मला जे झालं ते मी कधीच विसरणार नाही. आम्ही एकमेकींना धरून पळत घरात आलो, आईनं पीठ लागलेल्या हातांनीच आत्याला खुर्चीत बसवलं, साडी पोटरीपर्यंत वर केली. मी ट्यूबलाइट लावली, वर टॉर्चही धरला. आई ओरडली, "नीट धर!" उजव्या घोट्याजवळ लाल ओरखडा होता.

"हे काय? हे काय आहे?" मी किंचाळले.

आत्यानं वाकून बघितलं. "हे भिंतीला खरचटलंय. दुखत नाहीये मला. घोणस चावली असती तर गप्प बसले असते का इथे? आमच्याकडे गड्याला चावली होती, गाव गोळा झालं होतं त्याच्या ओरडण्यानं."

आई निऱ्या एकेक करून उलगडत होती. एका निरीवर, काठाच्या जरा वर, पिवळसर ओला डाग होता. आत साडीचे आणखी पदर, मग परकर, मग पाय. तिनं पाय परत परत बघितला, बोटं, टाच, घोटा, पोटरी. मग डोळे मिटून खाली जमिनीवरच बसली.

"कापडावरच गेलंय," ती म्हणाली. "तरी डॉक्टरांना दाखवू. आत्ता. रिक्षा बोलव."

दवाखाना कोपऱ्यावरच आहे. डॉक्टरांनी तिथे बसवून ठेवलं, पाय परत परत तपासला, सूज नाही, काही नाही असं सांगितलं आणि मग घरी सोडलं. पण तोपर्यंत बिल्डिंगच्या मागे जत्रा भरली होती. कोणाकडे क्रिकेटची बॅट, कोणाकडे पडद्याचा रॉड, कोणी फिनेलची बाटली आणलेली. मधोमध नंदकुमारकाका, हातात नारळ फोडायचा कोयता.

"आल्या का मॅडम," ते म्हणाले. ओरडले नाहीत, त्यानं मला जास्त भीती वाटली. "आज विषयच संपला. सगळं सपाट करतोय."

"काका, आत जाऊ नका."

"आता पुरे हं तुझं. आत्या मरता मरता वाचली तुझी."

"म्हणूनच सांगतेय!" माझा आवाज फाटला. "ती अजून आतच आहे! तुम्ही चपलांवर आहात! फुलं गेली तरी चालतील, पण आता आत पाय घालू नका, कोणीच घालू नका, प्लीज!"

सगळे आपोआप एक पाऊल मागे आले. बॅटवाल्यानं बॅट पायांसमोर धरली. गेटवरच्या फलकावर सर्पमित्रांचा नंबर आहे, मी फोन लावला. बोटं घामेजली होती, दोनदा चुकला.

श्वेता नावाची ताई स्कूटरवरून आली. लांब आकडा, पाइप आणि कापडी पिशवी. गमबूट. तिनं कोणालाच काही न विचारता आधी सगळ्यांना जिन्यापर्यंत हटवलं, मग टॉर्च टाकून बराच वेळ नुसती बघत उभी राहिली. ऊन गेलं होतं. डोंगराकडून काळोख यायला लागला होता, आणि प्रत्येक पानाखाली मला ठिपके दिसत होते.

"इतकं दाट आहे की मला काही दिसत नाही," ती म्हणाली. "दांडे कापायला लागतील. लांबून, एकेक. खालची जमीन कोणाला माहितीय? खड्डा, दगड, पाइप कुठे आहे ते?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

नाही म्हणायचं माझ्या अगदी ओठांवर होतं. पण खालची जमीन मलाच माहीत होती, कंद मीच लावले होते. आत्यानं फुलं काढायच्या आकडीला काकांचा कोयता सुंभानं बांधून दिला. श्वेताताईनं मला तिच्या मागे, विहिरीच्या कठड्यावर उभं केलं. "तू तिथून काप. मी खाली बघते. मी थांब म्हटलं की पुतळा व्हायचं."

मी पहिला दांडा ओढला. तो कचकन तुटला आणि आडवा झाला, कळ्यांसकट. आल्याचा वास सुटला. डोळ्यांत पाणी आलं, पण रडायला सुचत नव्हतं, कारण प्रत्येक दांडा पडला की मी श्वास धरून ऐकत होते. दुसरा. तिसरा. "इथे पाइप आहे, ताई. इथे दगड." मागे विहिरीची जाळी, पुढे ती. सगळी कळ्यांची बाजू आडवी झाली तरी काही नाही. शेवटी निर्माल्याचा ढीग उघडा पडला.

"थांब," श्वेताताई म्हणाली.

मी पुतळा झाले. तिनं आकड्यानं वरची केळीची पानं हळूच बाजूला केली, आणि तो आवाज परत आला, आता काही आडोसा नसलेला, इतका मोठा की जिन्यावरचं कोणीतरी "देवा" म्हणालं. घोणस बिळाच्या तोंडाशी वेटोळं करून होती. मी डोळे मिटणार होते. मिटले नाहीत, मिटले असते तर ती कुठे गेली ते कळलं नसतं. श्वेताताईनं तिच्यासमोर पाइप धरला, आकड्यानं मागून जराशी ढकलली, फूत्कार, परत फूत्कार, आणि मग सगळी लांबी अंधारात शिरते तशी पाइपात सरकली. पिशवीचं तोंड बांधलं गेलं.

"घुशींची बिळं आहेत," ती म्हणाली. मग खाली वाकून ढिगातून काहीतरी उचललं. ओल्या खोबऱ्याचा तुकडा, त्याला चिकटलेला शिरा. "इथे प्रसाद कोण टाकतं?"

मी कठड्यावरून खाली उतरले. ढिगात नारळ होता, भिजलेले तांदूळ होते, केळी होती, मोदकाच्या पाऱ्या होत्या. निर्माल्याच्या पिशव्यांत सगळ्यांनी सगळंच घातलेलं. मी फुलं समजून रोज वर वर ओढत होते. घुशींना पंगत वाढली आणि घुशींमागे ती आली. सोनटक्क्यानं काही केलं नव्हतं.

"मी," म्हणाले. "मीच सांगितलं होतं टाकायला."

"आम्हीच टाकलं," आई मागून म्हणाली. "तू फुलं मागितली होतीस."

नंदकुमारकाका खोबऱ्याच्या तुकड्याकडे बघत होते. त्यांच्याकडच्या गणपतीला शिऱ्याचाच प्रसाद असतो. श्वेताताई वनखात्याला फोन करत गेली. लोक पांगले. लादीवर माझे खडे अजून विखुरलेले होते.

आत्यानं ते वाकून गोळा करायला सुरुवात केली. "प्रांजू, राहू दे आता. नळाखाली धुवून घेऊ, चालेल गौरींना. त्यांनाही डोळे आहेत."

मलाही तेच हवं होतं. घरात जायचं, दार लावायचं, पाय वर घेऊन बसायचं. पण मग वाटलं, आज या वाटेनं गेले नाही तर उद्या जाणार नाही. परवाही नाही. आणि मग ताटवा काकांनी उपटला काय नि न उपटला काय, मीच तिकडे फिरकणार नाही.

"आत्या, तू फक्त पुढे काठी आपट," मी म्हणाले. "घंटा नको. मला ऐकू यायला हवं."

विहिरीच्या काठावर मी परत खडे धुतले. तांब्या रिकामा होता, आई नवीन घेऊन आली. मी गाल फुगवले. तोंडात पाणी असलं की किंचाळता येत नाही हे मला आता पक्कं माहीत होतं, आणि तेच सगळ्यात भीतिदायक होतं. अनवाणी पायांखाली कापलेल्या दांड्यांचा चिकट रस लागत होता. आत्या काठी आपटत होती. ठक. ठक. दोन ठकांच्या मधली शांतता मी कान देऊन ऐकत होते.

नंदकुमारकाका वाटेच्या कडेला उभे होते, आकडीचा सुंभ सोडवून कोयता मोकळा करत. मी जवळ आले तसे ते म्हणाले, "प्रांजल, मीटिंगमध्ये ठरलं होतं ते आठवतंय ना? मग उद्या कंद काढून टाकायचे?"

आत्या थांबली. काठीही थांबली. इतक्या महिन्यांत काकांनी मला पहिल्यांदाच नावानं हाक मारली होती. माझ्याकडे सांगायला किती होतं! प्रसाद वेगळा काढू, ढीग हलवू, बिळं बुजवू, दांडे विरळ ठेवू, खालची जमीन दिसेल असे. सगळं तोंडात, पाण्यामागे.

मी मान हलवली. नाही.

"नाही?"

नाही. जोरात. पाणी ओठांच्या कोपऱ्यातून हनुवटीवर आलं, पण सांडू दिलं नाही.

काका माझ्याकडे बघत राहिले, मग माझ्या पायांकडे. ते अजूनही कापत होते, तबकातले खडे किणकिणत होते.

"बरं," ते म्हणाले. "उद्या सकाळी आधी हा ढीग उचलू. दोघं मिळून. गमबूट घालून ये." आणि मग बाजूला सरून त्यांनी चप्पल काढली आणि वाट मोकळी केली.